टेंडर भरताना 'जावा सिक्युरिटीनं ब्लॉक केलं' येतंय, गुरुवारी पाचला शेवटची वेळ आहे, कुणी सांगेल का?

बावडेकर_ठेकेदार

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातल्या कसबा बावड्यातनं लिहितोय. आबांच्या नावावर आमचं ठेकेदाराचं लायसन आहे, गटारी, संरक्षक भिंती, अंगणवाडीच्या खोल्या असली छोटी कामं करतो आणि ऑनलाइन टेंडर भरायचं काम गेली पाच-सहा वर्षं माझ्याकडंच आहे. आत्तापर्यंत सगळं एका जुन्या विंडोज ७ च्या पीसीवर चालायचं, इंटरनेट एक्सप्लोररमध्ये पोर्टल उघडायचं, डिजिटल सहीचं टोकन (पेनड्राइव्हसारखं असतं, सहीची किल्ली त्यात असते) लावायचं, पिन टाकायचा, झालं. महिन्यापूर्वी त्या पीसीची हार्डडिस्क गेली म्हणून विंडोज ११ चा नवीन लॅपटॉप घेतला.

बाकीच्या पोर्टलांचं काही अडलं नाही. पण एका संस्थेचं पोर्टल (नाव घेत नाही) अजून जुन्या जावा प्लग-इनवरच (ब्राउझरमध्ये जावाचे प्रोग्राम चालवणारी जोडणी) चालतंय. क्रोममध्ये उघडलं तर जिथं सहीची चौकट यायला पाहिजे तिथं नुसती पांढरी जागा. मामेभावानं एजमध्ये आयई मोड (जुन्या इंटरनेट एक्सप्लोररसारखं पान उघडायची सोय) चालू करून दिला, जावा टाकून दिलं, तर आता चौकट यायच्या आधीच एक खिडकी येते, 'ॲप्लिकेशन ब्लॉक्ड बाय जावा सिक्युरिटी'. खाली ओके एवढंच बटण. ओके दाबलं की परत पांढरी जागा.

हेल्पलाइनला फोन केला. तिथल्या माणसानं सांगितलं अँटिव्हायरस बंद करा, फायरवॉल बंद करा, जावाची सगळी सेटिंग खाली आणा, तरी नाही जमलं तर स्क्रीन शेअरचं ॲप टाकून मला नंबर द्या, टोकन लावूनच ठेवा, मी बघतो. हितं मी थांबलो, कारण याच लॅपटॉपवर आमच्या करंट अकाउंटचं नेट बँकिंग आहे, जीएसटी यावरनंच भरतोय, टेंडरची बयाणा रक्कमपण परवा यावरनंच भरली.

काम ओढ्याकडच्या संरक्षक भिंतीचं आहे, आमच्याच भागातलं. २०१९ ला आणि २०२१ ला तिथं पाणी कुठवर आलं होतं ते आम्ही डोळ्यानं बघितलंय, त्यामुळं हे काम मिळावं असं आबांना मनापासनं वाटतंय. गुरुवारी संध्याकाळी ५ ला वेळ संपते, आज मंगळवार. ब्लॉक काढायचा कसा, आणि काढला तर लॅपटॉपला धोका किती, दोन्ही सांगा. सगळं बंद करून टाकायचं धाडस होईना.

भावा_टेन्शन_नको

अरे सोप्पं आहे भावा. माझ्याकडं पेनड्राइव्हवर जावा ७ चं जुनं व्हर्जन आहे, ते टाकायचं, अपडेट विचारलं की नाही म्हणायचं, अँटिव्हायरस तेवढ्यापुरता बंद ठेवायचा. आम्ही तीन वर्षं असंच भरतोय, काहीही झालेलं नाही. रात्री राजारामपुरीत ये, देतो कॉपी करून.

लक्ष्मीपुरी_सायबर

बावडेकर, थांबा. पेनड्राइव्हवरचं काही टाकू नका आणि टोकन आधी काढून ड्रॉवरमध्ये ठेवा. मी २०११ पासनं लोकांची टेंडरं भरून देतोय, हा प्रकार आमच्याकडं आठवड्यातनं एकदा तरी येतोच.

पहिल्यांदा एक समजून घ्या, लोक "ब्लॉक झालं, ब्लॉक झालं" म्हणतात पण अडवणारे तीन वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. क्रोममध्ये तुम्हाला पांढरी जागा दिसली ते अडवणं नव्हे, तिथं जावा चालवायची सोयच काढून टाकलीय, क्रोमनं २०१५ सालीच, फायरफॉक्सनं २०१७ ला. तिथं कितीही सेटिंग हलवा, काही होणार नाही. दुसरा अडवणारा इंटरनेट एक्सप्लोररचा. २०१४ पासनं तो जुनाट जावा बघितला की "हे आउट ऑफ डेट आहे" म्हणून थांबवतो, पेनड्राइव्हवरचं जावा ७ टाकलं असतं तर तुम्ही हितं अडकला असता आणि मग कुणीतरी तेपण बंद करायला सांगितलं असतं. तुमच्याकडं जी खिडकी येते ती तिसऱ्याची, म्हणजे खुद्द जावाची. म्हणजे मामेभावानं निम्मं काम बरोबर केलंय, ब्राउझर जावापर्यंत पोचलाय, आता जावाच म्हणतंय की या पोर्टलच्या प्रोग्रामवर माझा विश्वास नाही.

तो विश्वास का नाही, तर पोर्टलवाल्यांनी त्यांच्या त्या छोट्या प्रोग्रामवर जी सही केलेली असते तिची मुदत संपलेली असते नाहीतर ती धड मान्य संस्थेची नसते. जानेवारी २०१४ च्या जावा ७ अपडेट ५१ पासनं असले प्रोग्राम सरळ अडवले जातात. पुढं २०१७ च्या एप्रिलपासनं एमडी५ नावाच्या जुन्या पद्धतीनं केलेली सहीपण जावा मानत नाही. म्हणजे चूक तुमच्या लॅपटॉपची नाही, काम पोर्टलवाल्यांनी करायचं राहिलंय.

आता उपाय. जावा ८ चं ताजं अपडेट जावाच्या अधिकृत साइटवरनंच घ्या, जावा ११ किंवा पुढचं नको, त्यात ब्राउझरचा भागच नाही. आमच्याकडं आयई मोडला ३२ बिटचंच लागलं, ६४ बिटचं टाकलं की जावा सापडतच नाही. मग कंट्रोल पॅनेलमध्ये जावा उघडा, सिक्युरिटीचा टॅब, तिथं 'एडिट साइट लिस्ट' आहे. त्यात फक्त त्या एका पोर्टलचा पत्ता घालायचा, एचटीटीपीएस पासनं सुरू होणारा, आणि तो व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरनं कॉपी करायचा नाही, टेंडर नोटिशीच्या कागदावर छापलेला असतो तो बघून हातानं टाइप करायचा. वरचा सिक्युरिटीचा काटा 'हाय' वर आहे तसाच राहू द्या. जावा ८ मध्ये 'मीडियम' आता नाहीच आहे, हेल्पलाइनवाल्यांनी ते वाक्य जुन्या कागदावरनं वाचून दाखवलेलं दिसतंय.

एवढं करून एजच्या सगळ्या खिडक्या बंद करून परत उघडा. आता ब्लॉकच्या ऐवजी इशारा येईल, त्यात प्रोग्राम कुणाचा आणि कुठनं आलाय ते लिहिलेलं असतं. तिथला पत्ता तुमच्या पोर्टलचाच आहे का हे वाचायचं आणि मगच रन. 'परत विचारू नको' वर टिक करायची नाही, दर वेळी विचारलेलं चांगलं.

अँटिव्हायरस आणि फायरवॉल या सगळ्यात कुठंही मध्ये येत नाहीत. त्यांना हात लावू नका.

भावा_टेन्शन_नको

मी म्हटलं ते पण चालतंच की. सगळे ठेकेदार तसंच करतात, उगंच भीती घालताय तुम्ही.

शिरोली_फौंड्री_आयटी

भीती घालायचा प्रश्न नाही ओ, मी आमच्याकडं घडलेलं सांगतो. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत कॉम्प्युटरचं बघतो मी, नाव कशाला. अकाउंटच्या एका पीसीवर एका पोर्टलसाठी जुनं जावा ठेवलेलं होतं, अपडेट बंद, फायरवॉल बंद, "चाललंय ना, हात लावू नकोस" असं साहेबच म्हणायचे. एका सोमवारी सकाळी आलो तर बिलं, हजेरी, कास्टिंगची ड्रॉइंगं, एकही फाइल उघडेना, सगळ्यांची नावं बदललेली आणि पैसे मागणारी एक नोट. नेमकं कुठल्या वाटेनं आत आलं ते शेवटपर्यंत ठामपणे कळलं नाही, त्यामुळं जावामुळंच झालं असं मी म्हणणार नाही. पण त्या पीसीचं एकही दार लावलेलं नव्हतं हे खरं आहे. बॅकअप होता तो तीन महिन्यांपूर्वीचा. तीन महिन्यांची बिलं आम्ही डिलिव्हरी चलनाचे कागद बघून परत घातली, पगाराची रात्र तर मी कधी विसरणार नाही, कामगार बाहेर उभे आणि आत आम्ही वहीतनं हजेरी मोजतोय.

आणि हे प्लग-इन मुळात धोक्याचं का ते सांगतो, कारण लोकांना वाटतं गूगल-मायक्रोसॉफ्टनं उगंच त्रास दिला. आत्ताच्या ब्राउझरमध्ये वेबपेजचा कोड एका बंद खोलीत चालतो, त्याला तुमच्या फाइलींना थेट हात लावता येत नाही. जुनं प्लग-इन म्हणजे नव्वदच्या दशकातल्या नेटस्केपच्या काळातली रचना, ते त्या खोलीच्या बाहेर चालायचं, तुम्हाला कॉम्प्युटरवर जे जे करता येतं ते सगळं त्यालाही करता यायचं. जावानं स्वतःची एक खोली आत बांधली होती, पण तिच्या भिंतीला भोकं पडत गेली. २०१२ साली फ्लॅशबॅक नावाचा प्रकार जावाच्या अशाच एका भोकातनं सुमारे ६ लाख मॅक कॉम्प्युटरमध्ये शिरला, नुसतं वेबपेज उघडलं तरी पुरायचं, काही डाउनलोड करायची गरज नव्हती. जानेवारी २०१३ ला तर एक भोक असं सापडलं की त्याचं अपडेट यायच्या आधीच हल्ले सुरू झाले, अमेरिकेच्या सरकारी सुरक्षा खात्यानं लोकांना ब्राउझरमधलं जावा बंद ठेवा म्हणून जाहीर सांगितलं, ॲपलनं ते आपल्या मशिनींवर परस्पर बंद केलं. काही दिवसांत जावा ७ अपडेट ११ आलं आणि त्यात सिक्युरिटीचा काटा मीडियमवरनं हायवर नेला. तुमच्या पेनड्राइव्हवरचं जावा ७ त्याच्या आधीचं आहे का नंतरचं, माहितीय का तुम्हाला? तीन वर्षं काही झालं नाही म्हणता, ते खरं असेल, पण पंचगंगेची पातळी ३९ फुटाच्या, म्हणजे इशारा पातळीच्या, खाली आहे तोवर कुणाच्याच घरात पाणी येत नसतं.

बावडेकर, तुमच्या बाबतीत जावापेक्षा मोठी गोष्ट ते स्क्रीन शेअर आहे. टोकनमधली किल्ली कॉपी करून बाहेर काढता येत नाही, ही चांगली गोष्ट. पण टोकन लावलेलं, पिन टाकलेला आणि स्क्रीन दुसऱ्याच्या हातात, म्हणजे किल्ली कॉपी करायची गरजच उरली नाही, तुमच्या डोळ्यादेखत सही होऊ शकते. आणि २००० च्या आयटी कायद्यानं डिजिटल सही हातानं केलेल्या सहीइतकीच धरली जाते, नंतर "मी केली नव्हती" म्हणणं अवघड आहे. आबांच्या नावचं टोकन आहे ते. कोऱ्या चेकबुकावर सह्या करून अनोळखी माणसाच्या हातात कुणी देईल का?

जमलं तर टेंडरसाठी वेगळा जुना लॅपटॉप ठेवा, त्यावर बँक नको, मेल नको. तेवढं आत्ता होत नसेल तर निदान काम झाल्यावर जावा कंट्रोल पॅनेलमध्ये 'एनेबल जावा कंटेंट इन द ब्राउझर' ची टिक काढून टाका, पुढच्या टेंडरला परत लावायची. दोन मिनिटांचं काम आहे.

बावडेकर_ठेकेदार

सगळ्यांचे लई आभार. काल रात्री बसलो होतो. ६४ बिटचंच जावा पडलं होतं तेपण काढलं, एकटं ३२ बिटचं ठेवलं, पत्ता नोटिशीवरनं बघून यादीत घातला. इशारा आला, रन केलं, चौकट आली!! टोकनमधलं आबांच्या नावचं सर्टिफिकेट पण दिसलं. पण तांत्रिक लिफाफ्याच्या फाइलींवर सही करताना मध्येच चौकट अडकते, गोल फिरत राहतंय. पिन दोनदा टाकून बघितला, तिसऱ्यांदा टाकायला हात होईना, लॉक झालं तर गुरुवार गेलाच.

लक्ष्मीपुरी_सायबर

पिन परत टाकला नाही ते बरं केलं, टोकन लॉक झालं तर सोडवून आणायला जो वेळ जातो तो तुमच्याकडं नाही. माझ्या अंदाजानं पिनचा काही संबंध नाही. जावाच्या जनरल टॅबमध्ये टेम्पररी फाइल्स आहेत, त्या सगळ्या डिलीट करा, अर्धवट उतरलेला प्रोग्राम तो परत परत वापरत असतो. दुसरं, फाइलीचं नाव. देवनागरीत नाव असेल, मध्ये मोकळी जागा, कंस, असलं काही असेल तर जुनी पोर्टलं गप्प बसतात, चूकपण सांगत नाहीत. साधं छोटं इंग्रजी नाव द्या. आणि फाइलीचा आकार पोर्टलनं दिलेल्या मर्यादेत आहे का बघा, स्कॅन काळ्या-पांढऱ्यात केलं की निम्मा होतो.

आणखी एक, आयई मोडच्या यादीत घातलेला पत्ता ३० दिवसांनी आपोआप निघून जातो. लिफाफे उघडायच्या दिवशी लॉगिन करायला जाल आणि परत पांढरी जागा दिसेल, तेव्हा घाबरून नवीन काही टाकत बसू नका, एजच्या सेटिंगमध्ये जाऊन पत्ता परत घाला.

उद्या दुपारी १२ पर्यंत नाही झालं तर लॅपटॉप आणि टोकन घेऊन दुकानात या, पिन तुमचा तुम्ही टाका. शेवटच्या तासावर ठेवू नका, चारनंतर पोर्टल रांगायला लागतं.

गडहिंग्लजचे_गुरुजी

मधेच विचारतो, माफ करा, पण विषय जवळचा आहे. आमच्या शाळेत विज्ञानाच्या ॲनिमेशनच्या जुन्या सीड्या आहेत, हृदय कसं चालतं, ग्रहणं कशी होतात, मुलं अक्षरशः तोंड उघडं ठेवून बघायची. त्या फ्लॅशवरच्या आहेत आणि आता उघडतच नाहीत. मध्यंतरी एका साइटवर "फ्लॅश प्लेयर अपडेट करा" असं मोठं बटण आलं होतं, दाबायच्या आधी विचारावं म्हटलं. ते दाबू का?

शिरोली_फौंड्री_आयटी

गुरुजी, अजिबात दाबू नका. फ्लॅशचा कारभार कंपनीनं स्वतः ३१ डिसेंबर २०२० ला बंद केला आणि १२ जानेवारी २०२१ पासनं तर जुना प्लेयरही फ्लॅश चालवायचं नाकारतो. त्यामुळं फ्लॅशचं अपडेट आता कंपनी काढत नाही, असं बटण दिसलं की ते खोटंच समजा. नुकतंच कुणी शाळेत ते दाबलं असेल तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर मशीन साफ करायची मोफत साधनं आहेत, ती चालवून बघा.

तुमच्या सीड्यांसाठी रफल नावाचा मोफत प्रोग्राम आहे. तो फ्लॅश नाही, फ्लॅशच्या फाइली वाचायला नव्यानं लिहिलेला आहे आणि आत्ताच्या ब्राउझरच्या त्या बंद खोलीतच चालतो, म्हणून अडवला जात नाही. विंडोजवर चालणारा सुटा प्रोग्रामपण आहे. सीडीतल्या एसडब्ल्यूएफ (म्हणजे फ्लॅशच्या) फाइली कॉम्प्युटरवर कॉपी करायच्या आणि त्यात उघडायच्या. जुन्या साध्या ॲनिमेशन बऱ्यापैकी चालतात, नंतरच्या काळातल्या गुंतागुंतीच्या काही अजून अडखळतात, एकेक लावून बघावी लागेल. पण हृदय आणि ग्रहणं असली असतील तर आशा आहे. सीड्या खराब व्हायच्या आधी कॉपी तेवढ्या आजच करा.

गडहिंग्लजचे_गुरुजी

सूर्यग्रहण चाललं!! चंद्रग्रहणात आवाज येत नाही, पण चित्र हलतंय, आवाज मी देतो. उद्या सातवीला दाखवणार.

बावडेकर_ठेकेदार

झालं मंडळी. बुधवारी रात्री पावणेबाराला तांत्रिक लिफाफा गेला, गुरुवारी सकाळी साडेदहाला आर्थिक. फाइलीचं नावच होतं, 'अनुभव दाखला (नवीन)' असं देवनागरीत आणि कंसात, ते बदलल्याबरोबर पहिल्या झटक्यात सही झाली. पावतीची प्रिंट काढून आबांच्या हातात दिली, त्यांनी चष्मा लावून बिड नंबर दोनदा वाचला आणि फाइलीला लावली. टोकन काढून कपाटात, जावाची टिक काढलीय.

हेल्पलाइनच्या त्या माणसाचा सकाळी परत फोन आला होता, काम झालं म्हणून सांगितलं. तो बिचारा पण वैतागलेला होता, म्हणाला दिवसाला चाळीस फोन येतात आणि मला जो कागद दिलाय तोच मी वाचतो. म्हणून आम्ही ठरवलंय, त्या संस्थेला लेखी पत्र द्यायचं की प्रोग्रामची सही नवीन करा नाहीतर प्लग-इनशिवाय चालणारी पद्धत आणा, आणि तोवर निदान अँटिव्हायरस बंद करा असं लोकांना सांगू नका. आवक शिक्का घेऊनच पत्र द्यायचंय. मसुदा मी लिहिलाय, लक्ष्मीपुरीवाल्या दादांनी तांत्रिक भाग तेवढा तपासून द्यावा. ज्या ठेकेदारांना सही करायची असेल त्यांनी सोमवारी ११ ला दसरा चौकात या, भावा_टेन्शन_नको तुम्हीपण या, तुमची सही धरून बारा होतात.

भावा_टेन्शन_नको

येतो. येताना तो पेनड्राइव्हपण आणतो, त्यात अजून काय काय आहे ते एकदा बघून द्या कुणीतरी.